चोरून खाणारी

लॉन्ड्रीत तिला सगळे वाफबाई म्हणायचे. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने अचूक ठेवलं. एक तर तिचा सगळा दिवस वाफेच्या प्रेसवर जायचा, आणि दुसरं म्हणजे राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असायचा. चादरीवर कोणी बोटाचा डाग पाडला, एका मापाचा अभ्रा दुसऱ्याच मापाच्या गठ्ठ्यात टाकला, की ती काय बोलेल त्याचा नेम नसे. पण राग जसा यायचा तसा जायचाही. एक राग सोडून. तो काही गेला नाही, आणि तो का गेला नाही तेच इथे सांगायचं आहे.

प्रेस म्हणजे दोन जाड गाद्यांचं यंत्र. खालच्या गादीवर कापड पसरायचं, उजव्या हाताने हँडल ओढून वरची गादी खाली आणायची, पायाने पॅडल दाबायचं, की दोन्हींच्या मधून वाफ सुटते आणि कापड कडक होऊन निघतं. हॉटेलांचे टेबलक्लॉथ, वेटरांचे पांढरे कोट, चादरी, अभ्रे, सगळं तिच्या हाताखालून जायचं. हे यंत्र मालकाने मुद्दाम रस्त्याकडच्या मोठ्या काचेला लागून बसवलं होतं. शुभ्र कापड जाता-येता लोकांच्या नजरेला पडलं की गिऱ्हाईक आपल्या पायाने आत येतं, असं त्याचं गणित. त्यामुळे कापडाबरोबर वाफबाईही सगळ्या रस्त्याला दिसायची, घामाने निथळणारी, लाल तोंडाची, आणि जाड.

हो, जाड. ‘अंगाने भरलेली’, ‘तब्येतीने सुखी’ असले गुळगुळीत शब्द तिला खपत नसत. जाड आहे तर जाड म्हणा, म्हणायची. तिची आई तशीच होती, मावशी तशीच होती. पण लोकांना हे पुरत नाही. जाड माणूस दिसलं की लोकांना त्यामागचा गुन्हा शोधायचा असतो.

गुन्हा पहिल्यांदा शोधला तो नणंदेने. वाफबाई लग्न होऊन घरात आली तेव्हा नणंद समोर जेवायला बसायची आणि स्वतःच्या ताटापेक्षा वहिनीच्या ताटावर जास्त लक्ष ठेवायची. दुसऱ्यांदा वाढून घ्यायला हात पुढे झाला की म्हणायची, “वहिनी, भूक पोटाला लागली की डोळ्यांना?” एकदा शेजारणीशी बोलताना ‘खायला काळ अन् भुईला भार’ हेही म्हणून झालं, आणि वाफबाईने ते स्वयंपाकघरातून ऐकलं. नवरा बिचारा शाळेची बस चालवायचा, भांडणाच्या आवाजाने घाबरायचा. लोकांचं काय मनावर घेतेस, एवढंच त्याला सुचायचं. त्याचे घास कोणी मोजत नव्हतं, त्याला दुसरं काय सुचणार?

लॉन्ड्रीत आल्यावर तिला वाटलं, सुटले. कुठलं सुटणार! घड्या घालणाऱ्या बायका सगळ्या मिळून जेवायला बसायच्या, आणि हिने डबा उघडला की त्यांच्या माना हळूच लांब व्हायच्या. बाई, दिवसभर एवढा घाम गाळता तुम्ही, मग बारीक कशा होत नाही, असं एकीने अगदी मायेने विचारलं. माया म्हणतात तिला! प्रश्नाच्या पोटात उत्तर आधीच बसलेलं होतं. एवढ्या घामाने कोणीही काडी व्हायला हवं, ही होत नाही, म्हणजे ही घरी हादडत असणार. दुसऱ्या दिवसापासून वाफबाईने आपला डबा उचलला आणि चादरींच्या मांडणीमागे नेला. तिथे भिंत आणि मांडणी यांच्यात एक बोळकांडी होती. बादली पालथी घालून ती तिथे बसायची, भिंतीकडे तोंड करून, आणि चार घासांत डबा संपवून बाहेर यायची. स्वतः कमावलेलं, स्वतः रांधलेलं, स्वतःच्या तोंडात घालायचं, तर तेही लपून. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी, असं म्हणतात ते काही उगीच नाही.

वर्षानुवर्षं हे असं चाललं. आणि मग वरच्या मजल्यावर ते केंद्र आलं.

जिन्याच्या तोंडाशी हिरवी पाटी लागली: ‘चरबी वितळवा’. त्या शब्दाची करामत बघा. ‘वितळवा’ म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर मेणबत्ती येते. आच लावली, मेण पाघळलं, बत्ती आखूड झाली. माणसाच्या अंगात तसं काही होत नाही. पण पाटी वाचणाऱ्याला तेवढा विचार करायला उसंत कुठे असते? लोक जिना चढायला लागले.

केंद्र चालवणारी मॅडम जन्मतःच किडकिडीत. तिने आयुष्यात कधी काही वितळवलं नव्हतं, वितळवायला होतंच काय! पण उंच माणसाने उंच व्हायचे धडे द्यावेत तशी ती बारीक व्हायचे धडे द्यायची, आणि लोक तिच्या कमरेकडे बघून माना डोलवायचे. पोट कमी करायचंय तर पोटाचे व्यायाम, दंड कमी करायचेत तर दंडाचे. बायकांनी वजनं उचलायची नाहीत, पैलवान दिसाल. व्यायामाच्या आधी कमरेला स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक गुंडाळायचं, म्हणजे घाम जास्त येतो. पाणी प्यायचं नाही, प्यायलं की गेलेलं सगळं परत येतं. आणि शेवटी वाफेच्या पेटीत बसायचं. लाकडी पेटी, वर भोक, भोकातून मुंडकं बाहेर.

पेटीतली वाफ कुठून यायची? लॉन्ड्रीच्या बॉयलरमधून. मालकाने एक जोडनळी वर दिली होती आणि तिचं भाडं घेत होता. म्हणजे वाफ तीच. खाली तिच्यात उभं राहायला पगार मिळायचा, वर तिच्यातच बसायला पैसे भरावे लागायचे. वाफबाई या गोष्टीवर पहिले काही दिवस पोट धरून हसली. शहाणपणाला काही सीमा असते, खुळेपणाला नसते, म्हणाली.

तिचं हसू उतरलं ते लेकीमुळे. लेकीला घरी चिमणी म्हणत, लहानपणी दाणे टिपल्यासारखी जेवायची म्हणून. आता ती विशीची होती, आईच्या अंगलोटाची, आणि आरसा टाळायला शिकलेली. केंद्रात काउंटरवर मुलगी पाहिजे होती, तिला काम मिळालं. आपण खालच्या प्रेसवालीची लेक आहोत, हे तिने वर सांगितलं नाही. वाफबाईच्या ते लक्षात आलं. जिन्यावरून मॅडमबरोबर उतरताना लेक काचेकडे बघायची नाही. बाईने ते गिळलं. पोर आहे, नवीन काम आहे, म्हणाली. आईचं पोट मोठं असतं, त्यात असलं पुष्कळ मावतं.

पण काच तर होतीच. वर जाणाऱ्या बाया जिन्यापाशी थांबायच्या आणि काचेतून वाफबाईला बघायच्या. एक दिवस त्यांच्यातल्या एकीने मॅडमला साधा, सरळ प्रश्न विचारला. खाली ती बाई दिवसभर या वाफेतच उभी असते ना, मग ती का वितळली नाही?

मोठा नामी प्रश्न. एखाद्याने तेवढ्यावरच पेटीला कुलूप घातलं असतं. मॅडम नुसती हसली. “ती चोरून खाते,” म्हणाली. तिला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. तिला दुसरं उत्तर येत नव्हतं, आणि हे उत्तर सगळ्यांना पटतं. ते तिथे बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. काउंटरवरच्या मुलीनेही ऐकलं, आणि खाली मान घालून पावती फाडली.

दोन-चार दिवसांनी मालक प्रेसपाशी येऊन घुटमळायला लागला. त्याचं असं घुटमळणं वाफबाईला ओळखीचं होतं. काय ते बोला, म्हणाली. तो म्हणाला, प्रेस आतल्या खोलीत हलवावी म्हणतो. आत तर खिडकी नाही, जीव गुदमरेल, ती म्हणाली. मग निदान काचेला कागद लावू, तो म्हणाला. कशाला? तर बरंच आढेवेढे घेऊन एकदाचं बाहेर पडलं. वरच्या मॅडमना अडचण होते, गिऱ्हाईक प्रश्न विचारतं, आणि तुम्ही चोरून खाता असं त्यांना सगळ्यांना समजावत बसावं लागतं.

वाफबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मांडणीच्या फटीतून ती पालथी बादली तिला तिथून दिसत होती, आणि तिने बोलायचं सोडून पॅडल दाबलं.

संध्याकाळी काचेला खाकी कागद लागला. घरी ती ताट वाढत होती तेव्हा लेक म्हणाली, मला नको. वाफबाईने विचारलं, बरं नाही का? लेक दाराला टेकून उभी राहिली आणि तिने जे विचारलं ते नणंदेच्या सगळ्या बोलण्यापेक्षा खोल गेलं.

“आई, खरं सांग. तू चोरून खातेस का?”

“कोण म्हणतं?”

“मी बघितलंय. मागे किल्ली द्यायला आले होते तेव्हा. तू चादरींच्या मागे भिंतीकडे तोंड करून बसली होतीस आणि भराभर खात होतीस. मी तशीच परत गेले.”

नाही म्हणावं तर ते खोटं होतं. हो म्हणावं तर ते त्याहून खोटं होतं. वाफबाई हातातल्या ताटाकडे बघत राहिली, आणि लेकीला वाटलं हेच उत्तर. ती वळली, तशी भिंतीला धरून जरा थांबली. तिचा तोल जात होता. वाफबाईने धावत जाऊन तिला कमरेला धरलं, तर हाताखाली काहीतरी चुरचुरलं. पोरीने सदऱ्याच्या आत प्लास्टिक गुंडाळलं होतं, सकाळपासून. पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ओठांना भेगा पडल्या होत्या.

वाफबाईने ते प्लास्टिक टराटरा फाडलं. आतली कातडी उकडून पांढरी पडली होती. तिने पोरीला पाणी पाजलं, ओल्या कापडाने पुसलं, आणि पोर रडत म्हणाली, “मला तुझ्यासारखं व्हायचं नाही गं.” कुठल्या आईने हे ऐकून घ्यावं? तिने ऐकून घेतलं. राग पोरीवर नव्हताच.

दुसऱ्या दिवशी आई नको म्हणत असताना लेक कामाला गेली, आणि दुपारी वाफबाई प्रेस बंद करून जिना चढली. पायात रबरी चपला, अंगावर खळीचे डाग, खांद्याला पिशवी. वर सतरंज्यांवर बाया आडव्या पडून पोटाचे व्यायाम करत होत्या. काउंटरवर लेक होती. तिच्याकडे न बघता वाफबाई सरळ मॅडमसमोर जाऊन उभी राहिली आणि मी चोरून खाते हे तुम्ही कुठे पाहिलं, असं तिने विचारलं.

मॅडम चिडली नाही. असल्या माणसांचं हेच वाईट, ती चिडत नाहीत. गोड आवाजात म्हणाली, रागावू नका, आमच्याकडे सगळं मोजून असतं, पेटीत बसा, आधी वजन करू, नंतर करू, तुमचं तुम्हालाच कळेल. वाफबाईने नाही म्हणायला हवं होतं. भांडायला आलेल्याने समोरच्याच्या पेटीत बसायचं असतं का? पण बाया उठून बसल्या होत्या आणि बघत होत्या. आणि खरं सांगायचं तर तिलाही बसायचं होतं. इतकी वर्षं हिणवून घेतल्यावर आपल्यातही काही वितळतं का, हे तिला एकदा बघायचं होतं.

कोरडा झगा घालून ती काट्यावर उभी राहिली, मग पेटीत बसली. मॅडमने नळीची चावी मोठी सोडली. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, अंग पुसलं, दुसरा कोरडा झगा चढवला आणि पुन्हा काट्यावर चढली. काटा अर्धा किलो मागे गेला होता.

बायांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम सगळ्यांकडे वळून म्हणाली, बघितलंत, अर्ध्या तासात अर्धा किलो, यांनी तोंडावर ताबा ठेवला असता तर आज कुठल्या कुठे असत्या. आणि सगळ्यात वाईट काय झालं असेल तर हे, की वाफबाईला ते पटलं. काट्याकडे बघून तिचे डोळे भरून आले. म्हणजे जातं तर! म्हणजे नणंद खरी, घडीवाल्या खऱ्या, ही मॅडम खरी, आणि आपणच कुठेतरी खोट्या. भांडायला आलेली बाई हात जोडून परत जायच्या बेतात होती.

पण घशाला कोरड पडली होती. प्रेसवर प्रत्येक गठ्ठ्यानंतर ती पाण्याची मोठी बाटली तोंडाला लावायची. ती सवय हाताला इतकी लागली होती की पिशवीतून बाटली कधी निघाली आणि घटाघटा कधी रिकामी झाली, ते तिला कळलंही नाही. मॅडम नको नको म्हणेपर्यंत तळ दिसला.

“आई,” काउंटरमागून आवाज आला. “आई, परत उभी राहा काट्यावर.”

सगळ्या खोलीने वळून पाहिलं. मॅडमनेही. चिमणी पुढे आली, आईच्या कोपराला धरून तिने तिला काट्यावर चढवलं. काटा हलला, थरथरला, आणि होता तिथे परत येऊन थांबला. वर जरासा पुढेच.

चिमणी काट्याकडे बघत म्हणाली, “बाटलीत तर चरबी नव्हती.”

मॅडम लगेच म्हणाली, बघा, म्हणूनच आपण पाणी पिऊ नका म्हणतो. आणि काही बायांनी खरोखर मान हलवली! अशा माना हलताना पाहिल्या की वाटतं, माणसाला डोळे दिलेत कशाला. पण चिमणी थांबली नाही. तिने आईच्या दोन्ही बाह्या वर केल्या. हिच्या उजव्या हाताने दिवसभर हँडल ओढलं जातं, डावा नुसता कापड धरतो, सांगा यातला कुठला बारीक आहे, असं तिने विचारलं. दोन्ही दंड सारखेच गुबगुबीत होते. वाफबाईने स्वतःही हे कधी पाहिलं नव्हतं. चिमणीने उजवा दंड दाबला तेव्हा आतून दगड लागला, आणि दगडावरची गादी जशीच्या तशी होती. ओल्या चादरींचे गठ्ठे एवढी वर्षं उचलून तिला कोणी पैलवान म्हटलं नव्हतं, जाडीच म्हणत होते.

तेव्हा वाफबाईला वाचा फुटली. ती मॅडमशी बोलली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“मी चोरून खाते, खरं आहे. चादरींच्या मागे बसून खाते. का खाते ते कोणी विचारलं नाही. माझे घास मोजतात म्हणून खाते. काल माझ्या पोरीने पाणीसुद्धा चोरलं स्वतःपासून. ते तुमच्यामुळे.”

एवढं बोलून ती जिना उतरली. मागून चिमणीही उतरली, काउंटरची किल्ली टेबलावर ठेवून. एका बाईने तेवढ्यात आपल्या कमरेचं प्लास्टिक सोडलं आणि पाण्याच्या माठाकडे गेली. बाकीच्या पुन्हा आडव्या झाल्या.

केंद्र बंद पडलं का? छे. अजून चालतं. चरबी जाते ती महिनोन्‌महिने, खाण्यात, चालण्यात, झोपेत थोडाथोडा फरक करून, आणि ती कुठून जावी हे शरीर तुम्हाला विचारत नाही. कोणाची जाते, कोणाची फारशी जात नाही. हे पाटीवर लिहिलं तर जिना कोण चढेल? वाफबाई बारीक झाली का, हेही विचारू नका. नाही झाली. हा प्रश्न ज्यांच्या जिभेवर आला त्यांनी नणंदेच्या पंगतीला जाऊन बसावं.

काचेवरच्या कागदाचं मात्र मजेदार झालं. वाफेने खळ सुटायची आणि दुपारपर्यंत तो गळून खाली पडायचा. मालक रोज चिकटवायचा, वाफ रोज काढायची. एक दिवस तो कंटाळला. टेबलक्लॉथ तिच्याइतके कडक दुसऱ्या कोणाला करता येत नव्हते, त्यामुळे तिला काढून टाकणंही त्याला परवडत नव्हतं.

कागद गेला त्या दुपारी जेवायची सुट्टी झाली. वाफबाई सवयीने डबा घेऊन मांडणीमागे निघाली होती. चिमणी आता पलीकडच्या चष्म्याच्या दुकानात लागली होती, ती आपला डबा घेऊन दारातून आत आली. तिने बोळकांडीत जाऊन ती बादली उचलून आणली आणि काचेपाशी, सगळ्या रस्त्यासमोर पालथी घातली. स्वतःसाठी खोकं ओढलं. बस, म्हणाली.

वाफबाई बसली. डबा उघडला. बाहेर जिन्यापाशी दोन बाया थांबल्या आणि काचेतून बघायला लागल्या. तिची मान आपोआप खाली गेली, हात भराभर चालायला लागला, घासावर घास, लपून खाणाऱ्याला दुसरं जमत नाही.

चिमणीने तिच्या मनगटावर हात ठेवला.

“सावकाश खा, आई.”

कमी खा, असं तिला आयुष्यभर सगळ्यांनी सांगितलं होतं. हे कोणी सांगितलं नव्हतं. वाफबाईने हातातला घास तसाच धरला, मान वर केली, आणि बाहेरच्या बायांकडे बघत तो तोंडात घातला. मग तिने तो चावला, अगदी नीट, आणि दुसरा घेतला. डबा संपायला त्या दिवशी सगळी सुट्टी लागली.